ओढ्यातला सॅलमँडर उपाशी आहे, हे कसं ओळखायचं?

सॅलमँडर म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाल येते. दिसायला तो तसाच : लांबुडकं अंग, चार आखूड पाय, लांब शेपूट. पण अंगावर खवले नसतात आणि कातडी कायम ओलसर असते. नात्याने तो बेडकाच्या जवळचा. उभयचर प्राण्यांचे आज तीनच गट आहेत : बेडूक, सॅलमँडर आणि देवगांडूळ. सह्याद्रीत बेडूक भरपूर, देवगांडूळही सापडतं. सॅलमँडर मात्र नाही. भारतात या गटातला प्राणी पाहायचा तर थेट दार्जिलिंगच्या डोंगरांकडे जावं लागतं.

त्यामुळे आपण या लेखात अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगररांगेत जाणार आहोत. एकट्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात सॅलमँडरच्या सुमारे ३० जाती आहेत. तिथून फार दूर नसलेल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा संशोधन केंद्रात १९३४ पासून डोंगरातल्या ओढ्यांचा अभ्यास चालू आहे. अन्न कमी-जास्त झालं की रानातल्या सॅलमँडरच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याचं उत्तर तिथे अंदाजाने दिलं गेलेलं नाही. चक्क एक ओढा झाकून मिळवलं आहे.

प्रश्न वरवर सोपा वाटतो. अन्न जास्त तर प्राणी धष्टपुष्ट, अन्न कमी तर रोडका. प्रत्यक्षात मधे बऱ्याच पायऱ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर फसायला जागा आहे. एकेक करून पाहू.

आधी या प्राण्याची गरज किती ते समजून घेऊ. या ओढ्यांमधले बहुतेक सॅलमँडर ज्या कुळातले आहेत, त्या कुळात मोठ्या प्राण्यालाही फुप्फुसं नसतात. श्वास चालतो तो कातडीतून आणि तोंडातल्या पातळ त्वचेतून. म्हणून कातडी ओली राहायला हवी आणि पाणी गार हवं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो.

शिवाय त्याचं रक्त आपल्यासारखं ठरावीक तापमानाला ठेवावं लागत नाही. शरीर गरम ठेवण्याचा खर्चच नाही. खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा अंग वाढवण्यात जातो. कित्येक दिवस उपाशी राहूनही तो मरत नाही. इथेच पहिली चूक होते : सॅलमँडर मेलेले दिसत नाहीत, म्हणजे अन्न पुरतंय असं आपण धरून चालतो. उपासमारीचा परिणाम इथे मरणाच्या रूपाने क्वचितच समोर येतो. तो खुंटलेली वाढ, उशिरा आलेलं वयात येणं, कमी अंडी अशा रूपात येतो, आणि तो दिसायला वर्षं लागतात.

इतक्या कमी खर्चात जगत असल्यामुळे त्यांची संख्याही थक्क करणारी असते. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलात बर्टन आणि लायकन्स यांनी हिशेब मांडला होता. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिथल्या सगळ्या सॅलमँडरचं एकूण वजन ऐन विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या एकूण वजनाच्या सुमारे दुप्पट भरलं. जंगलात फिरणाऱ्याला पक्षी दिसतात, ऐकू येतात. दगडांखालचं हे दुप्पट वजन कुणाच्या गावीही नसतं.

आता अन्न. ते सुरू होतं झाडावर.

डोंगरातला उगमाजवळचा ओढा अगदी अरुंद असतो, उडी मारून ओलांडता येईल इतका. दोन्ही काठांवर उंच झाडं, त्यांच्याखाली ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपं. पाण्यापर्यंत ऊन जेमतेम पोचतं. त्यामुळे शेवाळ फारसं वाढत नाही. म्हणजे ओढ्यात स्वतःचं असं फारसं काही पिकत नाही; त्याला काठावरच्या झाडांची पानगळ पोसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जो पाला पाण्यात पडतो, त्यावर पुढचं वर्ष काढायचं असतं.

पण पाला पडला म्हणजे अन्न आलं असं नाही. ताजं पडलेलं पान किड्यांना फारसं खाता येत नाही. पाण्यात भिजून त्यातले कडवट रस निघून जातात, मग त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते पान मऊ करतात आणि त्याला पौष्टिकही करतात, कारण किड्याला लागणारा नायट्रोजन कोरड्या पानापेक्षा त्या बुरशीत जास्त असतो.

कुठलं झाड काठावर आहे याला इथे फार महत्त्व आहे. डॉगवुडचं पान लवकर मऊ होऊन संपतं. ऱ्होडोडेंड्रॉनचं जाड, चामड्यासारखं पान वर्ष उलटलं तरी टिकून राहू शकतं. एक पटकन मिळणारं अन्न, दुसरं बेगमीचं. ओढ्याला दोन्ही लागतात. काठावर झाडी आहे ना, मग झालं, असा विचार करून एकाच जातीची झाडं लावणारे इथे चुकतात.

पुढची पायरी किड्यांची. स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय अशा उडणाऱ्या किड्यांची पिल्लं पाण्यात वाढतात. त्यातली काही पानं कुरतडून खातात. त्यांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून जो बारीक चुरा होतो, त्यावर दुसरे किडे जगतात. मुख्यतः चिलटांसारख्या बारीक माश्यांच्या अळ्या. पानाचा एक तुकडा असा बऱ्याच तोंडांतून जातो.

सॅलमँडर येतो तो यानंतर. तो पान खात नाही. पान खाणाऱ्यांना खातो. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू, ज्याला शास्त्रीय मराठीत डिंभ म्हणतात, कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यातच राहतं. बेडकाच्या बहुतेक पिल्लांसारखं ते शेवाळ खरवडत नाही. पहिल्यापासून मांसाहारी असतं. दगडाच्या फटीत बसून राहायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची, ही त्याची पद्धत.

त्याच्या तोंडात मावेल तेवढंच त्याचं अन्न, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

या अवस्थेत तो किती काळ राहतो हे जातीवर अवलंबून असतं. ब्ल्यू रिज टू-लाइन्ड नावाचा, पाठीवर दोन गडद रेघा असलेला सडपातळ सॅलमँडर साधारण एक ते दोन वर्षं डिंभावस्थेत असतो. स्प्रिंग सॅलमँडर हा मोठा, गुलाबीसर प्राणी तीन ते पाच वर्षं. म्हणजे एक पानगळ कमी पडली तर त्याचा परिणाम पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीत मिसळून जातो.

आता कोवीटातला तो प्रयोग. जॉर्जिया विद्यापीठाचे ब्रूस वॉलेस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये एका ओढ्यावर दीडशे मीटरहून अधिक लांबीचं जाळं ताणलं, म्हणजे वरून पडणारी पानं पाण्यात येणार नाहीत. काठाकाठाने कुंपण घातलं, म्हणजे उतारावरून घरंगळणारी पानंही अडतील. शेजारचा तसाच ओढा तुलनेसाठी मोकळा ठेवला. आणि मग वर्षानुवर्षं मोजत राहिले. पुढे १९९६ मध्ये ओढ्यातल्या बारीक काटक्या काढल्या, १९९८ मध्ये जाड ओंडके. मला या प्रयोगात सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या मोजत राहण्याचं. जाळं टाकायला काही दिवस लागतात; पण दरवर्षी ते जाळं पानांच्या ओझ्याखाली येतं, ते झाडायचं, फाटलं की शिवायचं, आणि खाली वाकून किडे मोजायचे, हे काम कुणाला नाव मिळवून देणारं नाही.

झाकलेल्या ओढ्यात पान खाणारे किडे आधी घटले. त्यापाठोपाठ किडे खाणारे किडे घटले. आणि पाण्यातल्या टू-लाइन्ड सॅलमँडरच्या डिंभांची वाढ मोकळ्या ओढ्यातल्यांपेक्षा मंद झाली, त्यांची संख्याही कमी भरली. ब्रेंट जॉन्सन आणि वॉलेस यांनी हे निष्कर्ष २००५ मध्ये मांडले. ओढ्याचं पाणी तेच होतं, त्यात कोणी विष कालवलं नव्हतं, सॅलमँडरना कोणी हात लावला नव्हता. फक्त पानं अडवली होती.

एक बारकावा इथे सुटू नये. वाढ आणि संख्या या दोन्ही गोष्टी घटल्या, म्हणून निष्कर्ष भक्कम आहे. फक्त एकच मोजली असती तर घोळ झाला असता. समजा उपासमारीने अर्धे डिंभ गेले, तर उरलेल्यांना प्रत्येकी जास्त खायला मिळतं आणि ते चांगले बाळसेदार दिसतात. जे रोडके होते ते मोजायला उरलेलेच नसतात. ओढ्याच्या तब्येतीचा निष्कर्ष केवळ जिवंत प्राण्यांच्या सरासरी वजनावरून काढणं म्हणूनच धोक्याचं.

डिंभानंतर येतं रूपांतरण. कल्ले जातात, तोंडाची ठेवण बदलते आणि तो प्राणी काठावर, दगडांखाली, ओल्या जमिनीवरही वावरू लागतो. या बदलाच्या वेळी अंगमान किती आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं. लहान अंगाने बाहेर पडलेला प्राणी लवकर सुकतो, छोटीच शिकार करू शकतो आणि मोठा सॅलमँडर त्यालाच गिळू शकतो. मोठा स्प्रिंग सॅलमँडर टू-लाइन्ड सॅलमँडरना बेलाशक खातो.

उपाशी डिंभापुढे आणखी एक पेच असतो. पोट भरलेलं असेल तर तो दिवसभर फटीत दडून राहू शकतो. भुकेला डिंभ जास्त वेळ बाहेर असतो, आणि बाहेर ट्राउट मासे असतात. तो माशाच्या तोंडी गेला तर मरणाचं कारण आपण ‘मासा’ लिहितो. खरं कारण दोन महिन्यांपूर्वीची भूक असू शकतं.

उलट चूकही होते : प्रत्येक घट भुकेच्या खात्यावर मांडायची. न्यू हॅम्पशायरमधल्या एका ओढ्यात विन्सर लो यांनी १९९९ ते २०१० या काळात स्प्रिंग सॅलमँडर मोजले. प्रौढांची संख्या घटत गेली, डिंभांची मात्र तशी घटली नाही. धागा लागला तो वाढत्या पावसाशी. रूपांतरणाच्या नाजूक काळात ओढ्याला पूर येण्याने जीव जात असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अन्नाचा प्रश्न असता तर डिंभांमध्येही त्याची खूण दिसायला हवी होती. कुठल्या वयाचे प्राणी कमी झाले, हे आधी विचारायचं ते यासाठी.

प्रौढ सॅलमँडरकडे वळू. त्याची शेपूट ही त्याची कणगी. सुगीच्या दिवसांत चरबी तिथे साठते आणि थंडीत किंवा कोरड्या दिवसांत ती काढून वापरली जाते. मादीच्या बाबतीत याच साठ्यातून अंड्यांचा बलक तयार होतो. साठा नसेल तर अंडी कमी, किंवा त्या वर्षी अंडीच नाहीत.

अंडी घातल्यावरही खर्च संपत नाही. या कुळातल्या पुष्कळ जातींत मादी अंड्यांना विळखा घालून आठवडेच्या आठवडे राखण करते. त्या काळात ती शिकारीला फारशी हलत नाही, आयतं समोर आलं तर खाते. रोडक्या मादीला ही राखण झेपणं कठीण.

आता सगळ्यात निसरडी पायरी : मोजमाप. रानातला प्राणी सुदृढ आहे की नाही हे ठरवायला अभ्यासक त्याची लांबी आणि वजन घेतात आणि लांबीच्या मानाने वजन किती ते पाहतात. याला आपण अंगस्थिती म्हणू. ऐकायला सरळ आहे.

लांबी घ्यायची ती नाकाच्या टोकापासून मागच्या पायांजवळच्या शरीरछिद्रापर्यंत, शेपूट सोडून. कारण शेपूट भरवशाची नसते. शत्रूने पकडली की सॅलमँडर ती तोडून पळतो, आणि ती पुन्हा वाढते. पण वजनात तुटलेली शेपूट दिसतेच. कणगी गमावलेला प्राणी काट्यावर उपाशी ठरतो, भले त्याने सकाळीच भरपेट खाल्लेलं असो. म्हणून तुटक्या किंवा नव्याने वाढत असलेल्या शेपटीच्या प्राण्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

दुसरी अडचण लांबी आणि वजन यांच्या नात्याची. अंगाची ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट नाही, सुमारे आठपट होतं. म्हणून वजनाला लांबीने नुसतं भागलं तर मोठा प्राणी नेहमीच सुदृढ आणि लहान नेहमीच रोडका दिसतो. तुलना करायची ती त्याच जातीच्या, त्याच लांबीच्या प्राण्याचं वजन साधारण किती असायला हवं याच्याशी.

तिसरी, पाणी. ओल्या कातडीवर चिकटलेले थेंब एका मोठ्या माणसाच्या वजनात काहीच नाहीत, पण ज्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा नाही अशा डिंभाच्या बाबतीत ते निकाल फिरवू शकतात. मादीच्या पोटात अंडी असतील तर तीही वजनात येतात. नुकतीच गिळलेली मोठी अळीही येते. नवखे अभ्यासक आकडे दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहितात आणि हे तिन्ही लिहायचं विसरतात.

पोटात काय आहे हे पाहायला प्राणी मारावा लागत नाही. मऊ, बारीक नळीने पोटात थोडं पाणी सोडलं की खाल्लेलं बाहेर येतं. ते ओळखायचं, मोजायचं आणि प्राण्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. पण पोट रिकामं निघालं म्हणजे तो उपाशी आहे, ही घाई नको. हे प्राणी बहुतेक रात्री खातात. दिवसा कधी पकडला, पाणी किती गार होतं, पचन किती झालं, यावर ते अवलंबून असतं.

तापमानाची गोष्ट निघालीच आहे तर : थंड रक्ताच्या प्राण्याचा खर्च पाण्याच्या तापमानाबरोबर वाढतो. साधारण हिशेब असा की तापमान १० अंश सेल्सियसने चढलं की शरीराचा खर्च दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे काठावरची झाडं तोडली की दुहेरी मार बसतो. पाला कमी पडतो आणि ऊन लागून पाणी तापल्यामुळे भूक वाढते. किडे तितकेच राहिले तरी ते आता अपुरे.

मग अन्न वाढवलं तर? कोवीटात हेही करून पाहिलं. २००० सालापासून पाच वर्षं एका ओढ्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस थोड्या प्रमाणात सतत सोडले. शेतातून आणि वस्तीतून ही खतं ओढ्यात येतातच. त्याची ही नियंत्रित नक्कल. बुरशी वाढली, किडे वाढले, टू-लाइन्ड सॅलमँडरचे डिंभ झपाट्याने वाढले. पुढच्या एका प्रयोगात फॉस्फरस जसजसा जास्त, तसतशी सॅलमँडरची वाढ जास्त, असंही दिसलं. इथपर्यंत वाचलं तर ओढ्यात खत टाकणं पुण्याचं काम वाटेल.

थांबा. पाच वर्षांच्या त्या प्रयोगाच्या उत्तरार्धात वेगळंच घडलं. जॉन डेव्हिस, एमी रोझमंड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ते मांडलं. किड्यांचं एकूण उत्पादन वाढतच राहिलं, पण त्यांना खाणाऱ्यांचं त्या प्रमाणात वाढेना. वाढले होते ते मोठ्या अंगाचे, आपल्याभोवती पानांची किंवा खड्यांची नळी बांधून राहणारे कॅडिसफ्लायचे डिंभ. सॅलमँडरच्या तोंडात ते मावत नाहीत. मोजणीच्या कागदावर अन्न विपुल, आणि खाणाऱ्याला त्यातलं बरंचसं निरुपयोगी. ओढ्यातल्या किड्यांचं एकूण वजन म्हणजे उपलब्ध अन्न, असं धरणारे सगळे अहवाल या एका निष्कर्षापुढे पुन्हा तपासावे असे आहेत.

दुसरा तोटा आणखी मोठा. खतामुळे बुरशी आणि किडे पाला इतक्या वेगाने संपवतात की तो ओढ्यात टिकण्याचा काळ जवळपास निम्मा होतो. रोझमंड यांच्या गटाचा २०१५ चा निष्कर्ष असा. पुढच्या पानगळीपर्यंत पुरवायचा साठा आधीच फस्त. हिवाळ्या-वसंतात चंगळ आणि उन्हाळ्यात, नेमका पाणी कोमट होऊन भूक वाढते तेव्हा, खडखडाट.

तब्येत म्हणजे वजन इतकंच नसतं. लांबलेल्या ताणात उभयचरांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक चढं राहू शकतं. थोड्या वेळापुरतं ते उपयोगाचं आहे. साठ्यातली ऊर्जा मोकळी करतं. पण ते तसंच चढं राहिलं की वाढ मंदावते आणि रोगाशी लढण्याची ताकद घटते. उभयचरांची कातडी खाणाऱ्या बुरशींमुळे ही बाब गंभीर झाली आहे. युरोपात फायर सॅलमँडरचा संहार करणारी अशी एक बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली. अमेरिकेने ती आत येऊ नये म्हणून २०१६ मध्ये सॅलमँडरच्या अनेक प्रजातींच्या आयातीवर बंधनं घातली. पण रक्ताच्या तपासणीतही एक सापळा आहे : हातात धरल्याबरोबर प्राणी घाबरतो आणि काही मिनिटांत हे संप्रेरक वाढू लागतं. नमुना घ्यायला उशीर झाला तर आपण त्याची भूक मोजत नाही, त्याला वाटणारी आपली भीती मोजतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण सुट्टीत स्मोकी पर्वतात जातात, म्हणून ओढ्याशी वागण्याचं थोडं सांगतो. दगडांचे मनोरे रचू नका, मुलांना बांध घालू देऊ नका. तिथे दगड हलवायला मनाईच आहे, आणि त्यामागे कारण आहे : तोच दगड सॅलमँडरचं घर, तोच शिकारीचा आडोसा, त्याच्याच खालच्या बाजूला अंडी चिकटवलेली. ओढ्यात आडवा पडलेला ओंडका घाण म्हणून काढू नका. तो पाला अडवून धरतो. ओंडके नसले की पानं पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातात. सॅलमँडर दिसला तर हात लावू नका. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लागलेला हात श्वास घेणाऱ्या कातडीला सहन होत नाही.

ओढा भरल्या पोटाचा आहे की नाही याचा ढोबळ अंदाज मात्र काहीही न हलवता येतो. ओंडक्यामागे अडकलेल्या पाल्याच्या गठ्ठ्याकडे वाकून पाहा. वरची पानं ताजी आणि त्यांच्याखाली दिसणाऱ्या पानांच्या नुसत्या शिरांची जाळी उरलेली असेल, तर कुरतडणारे कामाला आहेत. वसंत ऋतू येऊनही सगळी पानं जशीच्या तशी, गुळगुळीत असतील, तर किडे कमी आहेत किंवा पानं फारच चिवट आहेत. आणि काठावर दाट झाडी असून ओढ्यात उन्हाळ्यात पालाच नसेल, तर नजर वरच्या बाजूला न्या : ओंडके कोणी उचलले आहेत का, की वर कुठे खताचं पाणी मिसळतंय, ते शोधावं लागेल.